पावलाच्या ठशावरून माणसाचा अंदाज : किती आणि कुठवर

पाली तिपिटकाच्या मज्झिम निकायात ‘चूळहत्थिपदोपम सुत्त’ या नावाचे एक सुत्त आहे. पिलोतिक नावाचा परिव्राजक जाणुस्सोणि ब्राह्मणाला भेटतो आणि तथागतांची थोरवी सांगताना हत्तीच्या पावलाची उपमा देतो. अरण्यात लांबरुंद पाऊल दिसले की माग काढणारा ‘हा महागज आहे’ असा निश्चय करतो, तसाच आपणही निश्चय केला आहे, असे त्याचे म्हणणे. जाणुस्सोणि हे संभाषण तथागतांच्या कानी घालतो, तेव्हा ही उपमा अपुरी असल्याचे ते सांगतात. अरण्याचा खरा जाणकार केवळ मोठे पाऊल पाहून निर्णय देत नाही, कारण ठेंगण्या पण मोठ्या पावलांच्या हत्तिणीही तेथे असतात. तो माग काढीत पुढे जातो. उंचावर अंग घासल्याच्या खुणा दिसतात, सुळ्यांचे ओरखडे दिसतात. तरीही तो निश्चय करीत नाही, कारण तशा खुणा उंच हत्तिणींच्याही असू शकतात. प्रत्यक्ष हत्ती दृष्टीस पडल्यावरच त्याची खात्री होते. स्थविर महिंद यांनी सिंहलद्वीपाचा राजा देवानंपिय तिस्स याला प्रथम हेच सुत्त सांगितले, अशी महावंसाची नोंद आहे.

साधकाने कोणत्या टप्प्यावर निष्कर्षाला यावे, हा त्या सुत्ताचा विषय. त्याचे विवेचन अधिकारी व्यक्तींनी करावे. आम्ही येथे त्यातील दृष्टान्तापुरताच आधार घेत आहोत. पावलाच्या ठशावरून माणसाची उंची, लिंग, वजन, चाल यांचा अंदाज बांधणे हे आज न्यायसहायक विज्ञानाचे एक अंग आहे, आणि त्या अंगाची सारी शक्ती व सारी मर्यादा या दृष्टान्तात सामावलेली आहे. ठसा काय सांगतो, कसे सांगतो आणि कुठे मौन पाळतो, हे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर क्रमाने मांडावे, हा या लेखाचा हेतू.

मागाची जुनी विद्या

ठसे वाचण्याची विद्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. आपल्याकडील जुन्या ग्रामव्यवस्थेत चोराचा माग काढण्याचे काम जागल्या, रामोशी, महार अशा गावकामगारांकडे असे. धुळीतील, ओल्या बांधावरील, ओढ्याकाठच्या चिखलातील पाऊल पाहून माणूस कोणत्या दिशेने गेला, भरभर गेला की सावकाश, पाठीवर ओझे होते की नाही, याचा तर्क ते करीत. माग ज्या गावाच्या शिवेत जाऊन थांबे, त्या गावाने तो पुढे काढून द्यावा, नाहीतर चोरीची भरपाई करावी, अशी वहिवाट होती. म्हणजे एका ठशावर साऱ्या गावाची जबाबदारी ठरत असे.

ही विद्या ज्यांच्याजवळ होती त्यांना तिच्याबद्दल विद्वान म्हणून मान मिळाला नाही. ती वतनाच्या राबणुकीचा भाग मानली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या राबणुकीविरुद्धच. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपुष्टात आली. दुसरीकडे, १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ पर्यंत टिकला. त्या काळात गुन्हा घडला की संशयित आधी ठरत असे. संशय आधी आणि माप नंतर, असा क्रम असला की कोणतेही पाऊल कोणाच्याही पायाशी जुळू लागते. पावलाच्या शास्त्राकडे आम्ही कुतूहलाने पाहतो, तसेच सावधपणेही पाहतो, याचे कारण हेच.

ठसा कसा उमटतो आणि कसा टिपतात

अनवाणी तळव्याचे सर्व भाग जमिनीला सारखे टेकत नाहीत. टाच, तळव्याची बाहेरची कड, चवडा आणि बोटांची टोके टेकतात. आतल्या बाजूची कमान उचललेली राहते. त्यामुळे ठसा म्हणजे पायाचे पूर्ण चित्र नव्हे. टाचेचा मागचा गोलावा आणि बोटांच्या टोकांचा वर वळलेला भाग जमिनीला लागत नसल्याने, स्थिर उभ्या माणसाचा ठसा त्याच्या प्रत्यक्ष पायापेक्षा थोडा आखूड असतो. तोच माणूस चालत असेल, तर टाच टेकताना आणि बोटांनी रेटा देताना ठशाच्या दोन्ही टोकांना फिकट छटा उमटते व ठसा लांब भासतो. म्हणून उभ्याचा ठसा आणि चालत्याचा ठसा यांची तुलना आंधळेपणाने करून चालत नाही.

जमिनीचाही त्यात वाटा असतो. फरशीवर ओल्या किंवा रक्ताळलेल्या पायाचा ठसा सपाट उमटतो. मातीत तो खोल रुततो. सैल वाळूत कडा ढासळतात, तर चिखल सुकताना आक्रसतो. घटनास्थळी ठसा सापडला की प्रथम त्याच्या शेजारी मोजपट्टी ठेवून, कॅमेरा अगदी सरळ वर धरून छायाचित्र घेतात. कॅमेरा तिरपा झाला तर माप चुकते. प्रकाश मात्र मुद्दाम तिरपा, जमिनीलगत टाकतात, म्हणजे उंचसखलपणा सावल्यांनी स्पष्ट होतो. त्यानंतर मातीतील ठशात प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा दंतवैद्य साच्यांसाठी वापरतात ती डेंटल स्टोनची भुकटी पाण्यात कालवून ओततात आणि घट्ट झाल्यावर साचा उचलतात.

मोजणीसाठी टाचेच्या सर्वांत मागच्या बिंदूपासून पाचही बोटांच्या टोकांपर्यंत पाच रेषा आखतात. कॅनडातील पादचिकित्सक नॉर्मन गन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. याखेरीज चवड्याची व टाचेची रुंदी घेतात. माणसाच्या मापांवरून त्याची ओळख पटवण्याचा पद्धतशीर प्रयत्न पॅरिसमध्ये १८८० च्या दशकात आल्फॉन्स बर्तियाँ यांनी केला, तेव्हा त्यांच्या मापांच्या यादीतही डाव्या पायाची लांबी होतीच.

उंचीचा अंदाज

प्रौढ माणसाच्या पायाची लांबी त्याच्या उंचीच्या साधारण १५ टक्के असते. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ पॉल तोपिनार यांनी एकोणिसाव्या शतकातच या प्रमाणाकडे लक्ष वेधले होते. समजा, पायाची लांबी २४ सेंमी आहे. २४ ला १०० ने गुणून १५ ने भागले की १६० सेंमी उंची मिळते. गणित इतके सोपे आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. एखाद्याचा पाय उंचीच्या १४.५ टक्के असेल, तर त्याच २४ सेंमी पायाला १६५.५ सेंमी उंची येते, १५.५ टक्के असेल, तर १५४.८ सेंमी. केवळ अर्धा टक्का इकडेतिकडे झाला की उत्तरात दहा सेंमीहून अधिक अंतर पडते.

म्हणून संशोधक एका ठरावीक भागाकारावर विसंबत नाहीत. एखाद्या लोकसमूहातील पुष्कळ माणसांची उंची आणि ठसे मोजून ते दोहोंतील संबंधाचे समीकरण बसवतात. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातील केवल कृष्ण यांनी उत्तर भारतातील १,०४० प्रौढ गुज्जर पुरुषांच्या पावलांच्या ठशांचा असा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. साध्या भागाकारापेक्षा समीकरणाने येणारी चूक कमी असते, असे त्यात आढळले. कमी असते, शून्य नसते. प्रत्येक समीकरणासोबत त्याची प्रमाणित त्रुटी दिलेली असते. समजा, ती ४ सेंमी आहे आणि उत्तर १६० सेंमी आले. मग शास्त्रशुद्ध विधान असे होईल : ही व्यक्ती बहुधा १५२ ते १६८ सेंमी या पल्ल्यात असावी. कोणत्याही गावात या पल्ल्यात बसणारी माणसे किती असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

समीकरण ज्या लोकांवरून काढले, त्यांनाच ते नीट लागू पडते. पायाची ठेवण वंशाइतकीच राहणीवरही अवलंबून असते. आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा रुंद आणि बोटे मोकळी राहतात. कर्नाटकातील राव व जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के होते. म्हणजे पावलाचा ठसा जन्माचा तेवढाच जगण्याचाही लेख असतो. शहरातील बूट घालणाऱ्यांवरून बसवलेले समीकरण शेतमजुराच्या पावलाला लावणे अशास्त्रीय आहे.

वाढत्या वयातील मुलांविषयी विशेष दक्षता हवी. पायाची वाढ उंचीच्या वाढीपेक्षा आधी पूर्ण होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या चपला दर सहा महिन्यांनी अपुऱ्या पडतात, याचा अनुभव प्रत्येक पालकाला आहे. समजा, अशा मुलाची उंची १५० सेंमी आणि पायाची लांबी २४.५ सेंमी आहे. १५ टक्क्यांच्या नियमाने त्याची उंची १६३ सेंमी येईल. ठशावरून तो प्रौढ ठरेल आणि प्रत्यक्षात ते शाळकरी पोर असेल.

घरी करून पाहण्याचा पाठ

हा पाठ पालकांनी मुलांसह सुट्टीच्या दिवशी करावा. वह्यांना घालतो तो तपकिरी कागद जमिनीवर पसरावा. पाय पाण्यात बुडवून, किंचित निथळू देऊन कागदावर सरळ उभे राहावे आणि अलगद बाजूला व्हावे. ओल वाळण्याआधी ठशाची कड पेन्सिलीने गिरवावी. टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. सर्वांत लांब बोट दर वेळी अंगठाच असेल असे नाही. भिंतीला टाच लावून प्रत्येकाची खरी उंची घ्यावी. घरातील व शेजारची मिळून दहा प्रौढ माणसे झाली की ठशाच्या लांबीला १०० ने गुणून खऱ्या उंचीने भागावे आणि प्रत्येकाची टक्केवारी लिहावी. सर्वांची टक्केवारी सारखी येते का, हे पाहावे. मग एकाचा ठसा नाव न लिहिता बाजूला ठेवून, केवळ त्यावरून तो कोणाचा हे इतरांना ओळखायला सांगावे. दहांतून कितीजण वगळता आले आणि कितीजण उरले, हे मोजणे हाच या पाठाचा गाभा.

त्याच ठशावरून तळव्याची कमानही मोजता येते. बोटे सोडून उरलेल्या ठशाचे लांबीत तीन सारखे भाग पाडावेत. चौकटीचा कागद वापरल्यास प्रत्येक भागातील चौकोन मोजून क्षेत्रफळ मिळते. मधल्या भागाचे क्षेत्रफळ भागिले तिन्ही भागांचे एकूण क्षेत्रफळ, म्हणजे कमानीचा निर्देशांक. कॅव्हॅना आणि रॉजर्स या संशोधकांनी तो १९८७ साली मांडला. साधारणपणे ०.२१ पर्यंत उंच कमान, ०.२१ ते ०.२६ सामान्य आणि त्याहून अधिक म्हणजे सपाट तळवा, असे वर्गीकरण ते करतात.

लिंग, वजन आणि चाल

पुरुषांचे पाय सरासरीने लांब व रुंद असतात, हे खरे. परंतु सरासरी हा समूहाचा गुण आहे, व्यक्तीचा नव्हे. उंच स्त्रिया आणि ठेंगणे पुरुष यांचे ठसे एकमेकांच्या मापांत सहज मिसळतात. फार लांब किंवा फार लहान ठशाविषयी काही म्हणता येते. मधल्या मोठ्या पट्ट्यात मौनच योग्य. सुत्तातील ठेंगणी हत्तीण येथेच भेटते.

वजनाचा प्रश्न अधिक अवघड. ठसा खोल रुतला म्हणजे माणूस जड होता, हा तर्क मातीची ओल, तिचा पोत, चालण्याचा वेग आणि पाठीवरचे ओझे यांना विसरतो. वजन वाढले की तळवा पसरतो व ठशाचे क्षेत्र वाढते, हे अभ्यासांत दिसते. पण वाढ शरीराची की डोक्यावरच्या पोत्याची, हे ठसा वेगळे करून सांगत नाही.

एकाच ठशापेक्षा ठशांची ओळ अधिक बोलकी असते. दोन पावलांमधील अंतर, पाऊल आत वळते की बाहेर, एक पाय ओढला जातो का, यावरून चालीचे चित्र मिळते. टांझानियातील लाएतोली येथे मेरी लीकी यांच्या पथकाला १९७८ साली ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावले सापडली. आपले पूर्वज तेव्हाही दोन पायांवर ताठ चालत होते, हे हाडांपेक्षाही स्पष्टपणे त्या ओळीने दाखवले.

स्वभाव किंवा भाग्य मात्र कोणताही ठसा सांगत नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण म्हणून ठीक आहे. परंतु मुलगी पाहायला जाऊन तिच्या अंगठ्याशेजारचे बोट लांब आहे म्हणून ती वरचढ ठरेल, असे मानणारी मंडळी अजून आहेत. बोटाची लांबी ही केवळ बोटाची लांबी आहे.

एका खटल्याची शिकवण

लाएतोलीच्या पावलांवर काम केलेल्या लुईस रॉबिन्स या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ पुढे न्यायालयांत तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभ्या राहू लागल्या. प्रत्येक माणसाचे पाऊल एकमेव असते आणि बूट घातलेला असला तरी ठशावरून तो माणूस ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता. १९८३ साली इलिनॉय राज्यात एका दहा वर्षांच्या मुलीची हत्या झाली. घराचे दार लाथेने फोडले गेले होते आणि त्यावर बुटाचा ठसा होता. तो ठसा तीन आरोपींपैकी एकाच्या बुटाचा आहे, अशी साक्ष रॉबिन्स यांनी दिली. त्या आरोपीविषयी ज्यूरीचे एकमत झाले नाही, तरीही सुमारे तीन वर्षे तो तुरुंगात राहिला. १९८७ साली त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आले. उरलेल्या दोघांना देहान्ताची शिक्षा झाली होती. वर्षानुवर्षांच्या न्यायालयीन लढ्यानंतर तेही सुटले. त्याच १९८७ साली मानववंशशास्त्रज्ञ, न्यायसहायक तज्ज्ञ, वकील व संख्याशास्त्रज्ञ अशा शंभराहून अधिक जाणकारांनी रॉबिन्स यांच्या पद्धतीची छाननी केली आणि तिला शास्त्रीय आधार नाही, असा निर्वाळा दिला.

ठसा खोटा नव्हता. त्याच्यावर लादलेली खात्री खोटी होती. हे केवळ विद्वानांच्या वादाचे प्रकरण नव्हे. अशा खात्रीची किंमत मोजतो तो बहुधा ज्याच्याजवळ चांगला वकील नाही, ज्याच्याकडे लोक आधीच संशयाने पाहतात, असा माणूस.

भारतीय न्यायालयांची दृष्टी

आपल्या देशात बंद्यांची ओळख पटवण्यासंबंधीच्या १९२० च्या कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर पावलांचे ठसे घेण्याचीही तरतूद केली. त्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या कायद्यातही ती आहे. मात्र १८७२ च्या पुरावा कायद्यातील तज्ज्ञांच्या मताविषयीच्या कलमात बोटांच्या ठशांचा स्पष्ट उल्लेख होता, पावलांचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली प्रीतम सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात पावलांवरून ओळख पटवण्याचे शास्त्र अद्याप प्राथमिक अवस्थेत असल्याचे म्हटले. असा पुरावा इतर परिस्थितीच्या जोडीला घेता येईल, पण केवळ त्यावर दोष सिद्ध मानता येणार नाही, असा त्याचा आशय होता. १९९७ साली मोहम्मद अमन यांच्या खटल्यातही न्यायालयाने हीच भूमिका घेतली.

ठशाची एक बाजू मात्र भक्कम आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. ओळख पटवण्यापेक्षा वगळण्याच्या कामी ठसा अधिक विश्वासू असतो. घटनास्थळचा स्पष्ट ठसा २४ सेंमी असेल आणि संशयिताचा त्याच पद्धतीने घेतलेला ठसा २८ सेंमी असेल, तर तो ठसा त्याचा नाही, हे निःशंकपणे म्हणता येते. माप जुळले तर ‘असू शकेल’ एवढेच. माप मुळीच जुळले नाही तर ‘नाही’. निरपराध्याला सोडवण्याचे सामर्थ्य ज्या शास्त्रात आहे, ते गोरगरिबांच्या मुलांनी अवश्य शिकावे.

पंच म्हणून सही करताना

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी पोलीस दलात, कोणी वकिलीत, कोणी प्रयोगशाळेत आहे वा जाईल. इतरांनाही कधीतरी पंच म्हणून पंचनाम्यावर सही करण्याचा प्रसंग येतो. तेव्हा ठशाविषयी काही साध्या गोष्टी पाहाव्यात. छायाचित्रात मोजपट्टी दिसते का? ठसा अनवाणी पायाचा की पादत्राणाचा, हे लिहिले आहे का? जमीन कोरडी होती की ओली, ठसे किती व कोणत्या दिशेने होते, माप कोणी व केव्हा घेतले, साचा घेतला असल्यास तो समक्ष मोहोरबंद झाला का? जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच पंचनाम्यात असावे. ‘आरोपीच्या पावलाचा ठसा’ असे लिहिलेले आढळल्यास ‘एक पाऊलठसा’ असे लिहिण्याचा आग्रह धरावा. तो कोणाचा, हे ठरवण्याचे काम पंचाचे नाही आणि त्या क्षणी ते कोणालाच ठाऊक नसते.